सर्व्हर रूमच्या विजेचा हिशोब : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

३ जून, सोमवार

आजपासून लिहून ठेवतोय कारण मागच्या वेळी नेटवर्कचं काम केलं तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं आणि सहा महिन्यांनी कुठली सेटिंग का बदलली ते कोणालाच सांगता येईना.

काम असं आहे. आपल्या कॉलेजच्या सर्व्हर रूमचं वीज रीडिंग गेली तीन वर्षं लॅब असिस्टंट काका रोज सकाळी पॅनेलच्या मीटरवरून बघून नोंदवहीत लिहितात, आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) सातव्या निकषात ऊर्जा बचत, ग्रीन ऑडिट हे सगळं येतं त्यामुळे प्राचार्य सरांना या वर्षी नीट महिनावार आकडे पाहिजेत, कुठे किती वीज जाते त्याची फोड पण पाहिजे. एचओडी मॅडम म्हणाल्या की आपल्याकडे नेटवर्कला जोडलेली एवढी उपकरणं आहेत तर माणसाने रोज जाऊन का बघायचं. बरोबर आहे त्यांचं.

रूममध्ये काय काय आहे ते आज फिरून बघितलं. दोन रॅक, प्रत्येक रॅकला दोन पीडीयू (रॅकमधल्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या सॉकेटच्या पट्ट्या) म्हणजे एकूण चार, त्यातले दोन जुने आणि दोन नवे. एक १० केव्हीएचा यूपीएस, त्यात नेटवर्क कार्ड बसवलेलं आहे पण आजवर कोणी वापरलेलं नाही. भिंतीवर थ्री फेज पॅनेल, त्यात सीटीवाला (वायरीभोवती बसवलेल्या कॉइलने करंट मोजणारा) एनर्जी मीटर, ज्याच्यातून यूपीएस आणि तिन्ही एसी दोन्ही जातात. मीटरला मागे आरएस ४८५ चे (दोन तारांवरून आकडे पाठवायची जोडणी) दोन स्क्रू आहेत आणि त्यांना काहीच जोडलेलं नाही. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') लॅबमध्ये पडून होता तो घेतला.

५ जून, बुधवार

चारही पीडीयू आणि यूपीएस एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणांना माहिती विचारायची भाषा) बोलतात. पोर्ट १६१, यूडीपी. एसएनएमपीवॉक (सगळे आकडे एकापाठोपाठ विचारणारी कमांड) मारलं आणि चार उपकरणांनी लगेच भडाभडा उत्तर दिलं, कम्युनिटी स्ट्रिंग म्हणजे पासवर्डसारखा शब्द, तो फॅक्टरीतून आलेला 'पब्लिक'च होता. चौथा पीडीयू गप्प. अर्धा तास केबल तपासण्यात गेला, मग कळलं की तो फक्त व्हर्जन १ ला उत्तर देतो आणि मी व्हर्जन २सी ने विचारत होतो. एसएनएमपीमध्ये व्हर्जन किंवा कम्युनिटी चुकली की बहुतेक उपकरणं एररसुद्धा देत नाहीत, नुसता टाइमआउट येतो, त्यामुळे आधी व्हर्जन बदलून बघायचं आणि मगच केबलला हात लावायचा.

एक गोष्ट बघून मात्र धडकी भरली. नव्या पीडीयूंमध्ये प्रत्येक सॉकेट नेटवर्कवरून बंद-चालू करता येतं आणि लिहिण्याची कम्युनिटी 'प्रायव्हेट' अशीच राहिलेली होती. म्हणजे हॉस्टेलमधल्या कुठल्याही मुलाने एक सेट कमांड पाठवली असती तर परीक्षा विभागाचा सर्व्हर खटकन बंद. वाचायच्या आधी हे काम. लिहिण्याची परवानगी चारही ठिकाणी काढून टाकली, पाचही उपकरणं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) नेली आणि तिथे फक्त पायच्या आयपीला येऊ दिलं. यूपीएस आणि नवे पीडीयू व्हर्जन ३ ला चालतात, त्यात पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्ही आहे, ते पण करून घेतलं. जुन्या दोघांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी व्हीलॅनची भिंत हाच आधार.

७ जून, शुक्रवार

आकडे आले पण अर्थ लावायला दिवस गेला. जुना पीडीयू म्हणतो ३१. एकतीस काय? एसएनएमपीच्या मूळ प्रकारांमध्ये दशांश अपूर्णांक नाहीतच, सगळे पूर्णांक, त्यामुळे उपकरण बनवणारे दहाने किंवा शंभराने गुणून पाठवतात आणि कितीने गुणलंय ते एमआयबी फाइलमध्ये (उपकरणाच्या आकड्यांची यादी आणि त्यांचे अर्थ) लिहिलेलं असतं. ३१ म्हणजे ३.१ अँपिअर. नव्या पीडीयूचे ८४ म्हणजे ०.८४ किलोवॅट, आणि त्याच पीडीयूचा युनिटचा आकडा मात्र दहाने गुणलेला. एकाच डब्यात दोन मापं. एमआयबी न वाचता आकडे घेतले तर ग्राफ सुंदर दिसेल आणि पूर्ण चुकीचा असेल.

जुने दोन पीडीयू फक्त अँपिअर देतात, वॉट देत नाहीत. ३.१ आणि २.६, मिळून ५.७. गुणिले २३० केलं की १३११ येतात पण ते व्होल्ट-अँपिअर झाले, वॉट नव्हेत, मध्ये पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॉट किती ते प्रमाण) आहे. सर्व्हरच्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर चांगला असतो, पण रॅकमधली जुनी स्विचं, मॉनिटर यांचं काय? वायरमन काकांना बोलावलं, त्यांनी पॉवर दाखवणारा टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) लावून दोन्ही लाइन मोजल्या. ०.९५ च्या आसपास. म्हणजे रॅक एक साधारण १.२४ किलोवॅट. स्क्रिप्टमध्ये हा आकडा 'अंदाजे' अशी खूण करून जाणार, मोजलेल्या आकड्यांत मिसळणार नाही. मॅडम म्हणाल्या कशाला एवढं, पण उद्या कोणी विचारलं हा वॉट कुठून आला तर उत्तर पाहिजे.

११ जून, मंगळवार

यूपीएसचं काम तुलनेने सोपं गेलं. यूपीएससाठी आरएफसी १६२८ नावाचं प्रमाण १९९४ पासून आहे आणि आपलं कार्ड ते पाळतं, त्यामुळे १.३.६.१.२.१.३३ या फांदीखाली सगळं एका जागी मिळतं. बॅटरी किती भरली, किती मिनिटं चालेल, इनपुट, आउटपुट. आउटपुटच्या टेबलात चौथा कॉलम थेट वॉट देतो, गुणाकार नाही. व्होल्टेज सरळ व्होल्टमध्ये, करंट मात्र अँपिअरच्या दहाव्या भागात.

यूपीएस म्हणतो बाहेर २.८३ किलोवॅट. चार पीडीयूंची बेरीज १.२४ अधिक ०.८४ अधिक ०.७२, म्हणजे २.८०. राहिलेले तीस वॉट म्हणजे थेट यूपीएसवर लावलेला राउटर. हे जुळलं तेव्हा खरंच बरं वाटलं, कारण दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या वर्षी घेतलेली उपकरणं एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगत होती. जुन्या पीडीयूचा ०.९५ चा अंदाजही त्यातच तपासला गेला.

इनपुट ३.१ दाखवतोय, म्हणजे यूपीएस स्वतः जवळपास पावणेतीनशे वॉट खातो. चोवीस तास.

१४ जून, शुक्रवार

पॅनेलचा मीटर. हे लांबवून लिहितो कारण पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचतील.

मीटर मॉडबस आरटीयू बोलतो, म्हणजे त्या दोन तारांवरून आकडे विचारायची भाषा. मॉडबस १९७९ चा आहे, फॅक्टरीतल्या पीएलसीसाठी बनलेला, आणि त्याला स्वतःबद्दल काहीच सांगता येत नाही. एसएनएमपीमध्ये निदान वॉक मारून झाड बघता येतं, इथे नुसते सोळा बिटांचे नंबर लावलेले खण, कुठल्या खणात काय ते कागदावर. पॅनेलपासून पायपर्यंत शील्ड असलेली पिळाची केबल टाकली, यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. उत्तर नाही. बॉड रेट (पाठवण्याचा वेग) ९६०० मीटरवर पण आणि इकडे पण, पॅरिटी (चूक तपासायचा बिट) जुळलेली, स्लेव्ह नंबर (मीटरचा क्रमांक) १. तरी नाही. शेवटी ए आणि बी च्या वायरी अदलाबदल केल्या आणि पहिल्याच फटक्यात उत्तर. सगळे बनवणारे ए आणि बी ची नावं एकसारखी लावत नाहीत, म्हणून उत्तर आलं नाही तर आधी हे करून बघावं, उलट लावल्याने काही जळत नाही.

मग आकडे चुकीचे. पुस्तिकेत व्होल्टेज ४०१०१ ला लिहिलंय, पण तारेवर जाणारा पत्ता १०० असतो, कारण पुढचा ४ हा फक्त प्रकार सांगतो आणि मोजणी तारेवर शून्यापासून होते, कागदावर एकपासून. १०१ वाचलं तर अर्धा एक आकडा आणि अर्धा दुसरा.

१०० वाचलं तर व्होल्टेज आलं दशांशानंतर चाळीस शून्यं आणि मग २४. हे ओळखता आलं पाहिजे. एक दशांश आकडा दोन खणांत बसतो, २३० हा आकडा हेक्समध्ये ४३६६ आणि ०००० असा पडतो, आणि मीटर कुठला अर्धा आधी पाठवतो ते बनवणाऱ्यावर. आपण उलट जोडले तर ०००० आधी जातं आणि असला सूक्ष्म आकडा येतो. अर्धे फिरवले, २३१.४. टाँग टेस्टर २३१. झालं.

१५ जून, शनिवार

झालं नव्हतं.

रात्री झोपताना लक्षात आलं आणि सकाळी आठलाच येऊन बघितलं. मीटर म्हणतो एकूण २.४ किलोवॅट. पण त्याच मीटरमधून जाणारा यूपीएस एकटाच ३.१ घेतोय आणि वर तीन एसी चालू आहेत. पोटातलं पोटापेक्षा मोठं कसं असेल. आधी वाटलं पुन्हा माझाच पत्ता किंवा गुणक चुकला, म्हणून मीटरचं बटण दाबून स्क्रीनवर बघितलं तर तिथेही २.४. मग तिन्ही फेज वेगवेगळे वाचले. आर १.९, वाय उणे १.६, बी २.१.

उणे! वाय फेजचा सीटी उलटा बसलाय. सीटीतून वायर कुठल्या बाजूने जाते यावर दिशा ठरते, उलट बसली की मीटरला वाटतं वीज बाहेर चाललीय आणि तो बेरजेतून वजा करतो. खरा आकडा ५.६ आणि आपण २.४ वाचत होतो.

लगेच काकांची नोंदवही उघडली. रोजचा फरक जानेवारीत १२० ते १३० युनिट, आणि १२ फेब्रुवारीपासून अचानक पंचावन्न-छप्पन्न. त्या आठवड्यात पॅनेलचं काम झालं होतं. आणि त्या तारखेपुढे काकांनी बारीक अक्षरात लिहिलंय, 'कमी?'. पुढच्या दोन दिवशी पण प्रश्नचिन्ह, मग त्यांनी लिहिणं सोडलं. चार महिने वही ऑफिसात जात होती, सही होऊन परत येत होती, आणि त्या प्रश्नचिन्हाला कोणी उत्तर दिलं नाही, त्यात मी पण आलो कारण मार्चमध्ये त्याच वहीतून मी रिपोर्ट टाइप केलाय. काकांना आज सांगितलं की तुम्ही बरोबर पकडलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं मलाच वाचता येत नसेल."

१६ जून, रविवार

शटडाऊन घेऊन वायरमन काकांनी सीटी सरळ केला. चालू लाइनवर सीटीच्या वायरी सोडायच्या नाहीत, सेकंडरी उघडी राहिली तर तिथे भयंकर व्होल्टेज तयार होतं, म्हणून त्यांनी रविवारच मागितला होता आणि ते योग्यच होतं. कोणी उलटा बसवला ते शोधत बसलो नाही. आता आर, वाय, बी तिन्ही अधिक, एकूण ५.५ ते ५.७. सीटी रेशो १०० ला ५ असा मीटरमध्ये भरलेला आहे ना तेही बघितलं, आहे.

फेब्रुवारी ते जूनचे आकडे रिपोर्टमध्ये वापरायचे नाहीत असं मॅडमना लेखी दिलं.

१९ जून, बुधवार

स्क्रिप्ट. पायथन, एसएनएमपी आणि मॉडबसच्या तयार लायब्ररी, सिस्टमडीचा टायमर दर मिनिटाला, साठवण एसक्यूलाइटमध्ये. दर सेकंदाला वाचायचा मोह झाला होता पण पीडीयूतला प्रोसेसर इवलासा असतो, तो दमला की त्याचं वेब पेजसुद्धा उघडत नाही.

ठरवलेल्या गोष्टी: हिशोबासाठी वॉट नाही, युनिटचा काउंटर वाचायचा. वॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो, एसीचा कंप्रेसर दोन वाचनांच्या मध्ये सुरू होऊन बंद झाला तर तो आपल्याला दिसतच नाही, काउंटर मात्र मीटरच्या आत सतत चालू असतो. दोन तारखांच्या काउंटरची वजाबाकी केली की झालं, मधली शंभर वाचनं गळाली तरी एकूण चुकत नाही. वॉट फक्त ग्राफसाठी आणि उपकरणांच्या आकड्यांतलं भांडण पकडण्यासाठी.

उत्तर आलं नाही तर शून्य लिहायचं नाही, रिकामं सोडायचं. शून्य वॉट आणि माहिती नाही या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि दर मिनिटाला तीन तपासण्या. पीडीयूंची बेरीज यूपीएसच्या आउटपुटशी जुळते का, यूपीएसचं इनपुट पॅनेलपेक्षा कमी आहे का, कुठलाही फेज उणे गेला का. यातलं काही बिघडलं तर मला आणि मॅडमना मेल.

केव्हीएएचचा (व्होल्ट-अँपिअरवर मोजलेली वीज) काउंटर पण घेतलाय. महावितरणची मोठ्या ग्राहकांची बिलं एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आहेत, कॉलेजचं पण तसंच येतं, त्यामुळे नुसते किलोवॅट तास ठेवून बिलाशी ताळा लागणार नाही.

२४ जून, सोमवार

शनिवारी रात्री पावसात लाईट गेली, पावणेदोन तास. यूपीएस आणि जनरेटरमुळे सर्व्हर चालू राहिले पण आमचा पाय साध्या सॉकेटवर होता, तो गेला. नेमका जेव्हा डेटा सगळ्यात महत्त्वाचा तेव्हाच नाही. काउंटरमुळे दिवसाचे युनिट मात्र पूर्ण मिळाले.

दुसरा घोळ जास्त खोल होता. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, बंद होण्याआधी शेवटची साठवलेली वेळ तो जपून ठेवतो आणि चालू झाल्यावर नेटवर्कवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याच जुन्या वेळेत जगतो. त्या रात्री इंटरनेट उशिरा परत आलं, त्यामुळे अकरा वाचनं चुकीच्या वेळेची पडली, आधीच्या वाचनांच्या पुढे आणि खऱ्या वेळेच्या मागे. ती काढली. आता पाय यूपीएसवर, घड्याळाचं छोटं मॉड्यूल मागवलं आणि वेळ जुळल्याशिवाय टायमर सुरूच होणार नाही असं केलं.

१ जुलै, सोमवार

काकांच्या वहीशी पहिला ताळा, १७ जून ते १ जुलै. रोजचा आकडा दहा-दहा युनिटनी मागेपुढे, चौदा दिवसांची बेरीज मात्र दोन युनिटच्या आत. कारण साधं आहे, काका कधी पावणेदहाला वाचतात, कधी साडेअकराला, परीक्षा असली की दुपारी. वही बरोबरच होती, तिच्यात वेळेचा कॉलम नव्हता एवढंच.

९ जुलै, मंगळवार

रॅक दोनच्या एका पीडीयूचा युनिट फरक उणे सहाशे आला. कोणीतरी पुढच्या पॅनेलवरून काउंटर शून्य केला असणार. इंटरनेटवर बऱ्याच स्क्रिप्टमध्ये नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला की काउंटर फिरून आला समजून ३२ बिटांची पूर्ण क्षमता मिळवतात, तसं केलं असतं तर आपण एका मिनिटात कोट्यवधी युनिट जाळले असते. आपल्याकडे आता असं की आकडा लहान झाला तर तेवढं मिनिट रिकामं, मेल जाणार, आणि तिथून नवीन मोजणी.

१७ जुलै, बुधवार

आज आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आलेत, कॉलेज पूर्ण बंद, लॅबमध्ये एक माणूस नाही. या दिवसाची महिनाभर वाट बघत होतो. घरून ग्राफ बघतोय. रोज दुपारी रॅकचा लोड २.८०, आज दुपारी २.७१.

म्हणजे माणसांमुळे जी वीज लागते ती फक्त नव्वद वॉट. बाकी सगळं कोणी वापरो न वापरो जळतंच. आणि पॅनेलवर एकूण १३० युनिट, त्यात रॅकचे ६५. पीयूई (एकूण वीज भागिले रॅकची वीज) म्हणतात तो आकडा बरोबर २ येतो, एक युनिट कॉम्प्युटरला आणि एक युनिट त्याला थंड ठेवायला आणि यूपीएसला.

१८ जुलै, गुरुवार

जुने पीडीयू सॉकेटवार सांगत नाहीत म्हणून टास्मोटा (प्लगमध्ये टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेला वायफाय प्लग वापरला. त्याला एचटीटीपीवरून स्टेटस ८ विचारलं की वॉट, व्होल्ट, पॉवर फॅक्टर, आजचे युनिट, सगळं जेसनमध्ये देतो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत त्यामुळे बंद न करता जमतं, एक कॉर्ड प्लगमधून लावायची, मग दुसरी काढायची, सगळा भार प्लगवर येतो, दहा मिनिटं मोजायचं आणि परत पूर्ववत. एकेक करत गेलो.

दोन सर्व्हर सापडले, १६५ वॉट आणि १५० वॉट. एकावर जुनी लायब्ररी प्रणाली, जी दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे हलवली. दुसऱ्यावर एका बॅचचा फायनल इयर प्रोजेक्ट, ती मुलं नोकरीला लागली. दोघांचे मिळून रोजचे साडेसात युनिट, वर एसीचे वेगळे.

२६ जुलै, शुक्रवार

बॅकअप घेऊन दोन्ही बंद केले. रॅकचा लोड २.४९.

एसी १८ अंशांवर ठेवलेले होते, 'सर्व्हर आहेत' म्हणून. खोल्यांच्या एसीला जानेवारी २०२० पासून कारखान्यातूनच २४ अंश येतात, आणि सर्व्हरच्या तोंडाशी जाणाऱ्या हवेसाठी अ‍ॅशरे (एसीची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) १८ ते २७ सांगते. रोज दोन-दोन अंश वाढवत २४ वर आलो, प्रत्येक पायरीला सर्व्हरचे आतले सेन्सर बघत. रॅकच्या पुढे हवा २५. सगळं शांत. वायरमन काकांनी पण दोनदा येऊन हात लावून बघितलं.

१ ऑगस्ट, गुरुवार

पहिला मासिक रिपोर्ट सकाळी सहाला आपोआप गेला. कालच्या दिवसाचं पॅनेल ११४ युनिट, रॅक ६० युनिट. जूनच्या मध्याला १३४ आणि ६७ होते. दोन दिवसांची तुलना आहे, पाऊसही चालू आहे, त्यामुळे एप्रिल-मे बघितल्याशिवाय मोठा दावा करायचा नाही असं रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलंय.

राहिलेलं काम: जुन्या पीडीयूंची बदली बजेटमध्ये टाकणे, डेटाबेसचा रोजचा बॅकअप, घड्याळाचं मॉड्यूल अजून आलेलं नाही.

नोंदवही बंद करायची का असं ऑफिसातून विचारलं होतं, मी नको म्हटलं. काका आता दर सोमवारी मीटरच्या स्क्रीनवरून वाचतात, वेळेसकट लिहितात, आणि शेरा म्हणून एक कॉलम वाढवलाय. त्या कॉलममध्ये काही लिहिलं तर त्याच दिवशी माझ्याकडे फोटो यायचा असं ठरलंय. पहिला शेरा आजच आला, 'तीन नंबर एसीचं पाणी पॅनेलच्या बाजूला टपकतंय'. वायरमन काका शिडी घेऊन आलेत, मी तिकडेच चाललोय.